चिठ्ठीत निघालेलं घर

हल्ली कुणीही उठतं आणि आंतरविद्याशाखीय शिक्षणावर बोलतं. परवा एका समारंभात एक तरुण प्राध्यापक सांगत होते, की ही कल्पना आपल्याकडे आत्ता कुठे रुजू लागली आहे. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मनात म्हटलं, बाबा रे, पन्नासएक वर्षांपूर्वी सुरतेत मी त्याच शिक्षणातून पदवी काढली आहे, आणि ती कशी काढली ते ऐकशील तर भाषण गुंडाळून खाली बसशील. पण उठून बोलायची हिंमत मला तेव्हा नव्हती, आताही नाही. म्हणून लिहितो आहे.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. विद्यापीठ नवं कोरं होतं, अर्ध्या इमारतींना प्लॅस्टर व्हायचं होतं. तिथे बी.ए.चा एक नवा अभ्यासक्रम निघाला. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र, चारही एकत्र. माणसाचं जगणं चार कप्प्यांत वाटलेलं नसतं, मग शिक्षण तरी का असावं, असं माहितीपुस्तिकेत छापलं होतं. जागा वीस. बाकीच्या वर्गांतली मुलं आम्हाला ‘उंधियुं’ म्हणायची, सगळ्या भाज्या एकाच मडक्यात कोंबलेल्या म्हणून. आमचे चार विषयांचे चार शिक्षक मात्र एका मडक्यात कधीच नव्हते. प्रत्येकाला मनातून वाटायचं, की आपला विषय खरा आणि उरलेले तिघं उगाच तास खातात.

प्रवेशासाठी मुलाखत होती. टेबलामागे चौघं बसले होते. माझ्या आधीच्या मुलाचे वडील वकील, त्याच्या आधीच्या मुलाचे डॉक्टर. दार उघडं होतं, त्यामुळे बाहेर बाकावर सगळं ऐकू येत होतं. माझी पाळी आली तेव्हा संख्याशास्त्राच्या सरांनी मान वर न करता विचारलं, “पिताजी शुं करे छे?” मी म्हणालो, “शिक्षक छे. धुळे तरफ, गाममां.” चौघांनी चार कागदांवर ‘शिक्षक’ लिहिलं. एवढ्यावर काम झालं.

माझे आप्पा कतारगामला लूमच्या खात्यात कारागीर होते. सुरतेत लूमच्या कारखान्याला सगळे खातंच म्हणत. रात्रभर चार लूम सांभाळायचे, सकाळी आठला घरी यायचे, कानात लूमचा खडखडाट तसाच असायचा म्हणून मोठ्याने बोलायचे, आणि भाकरी खाऊन खाटेवर आडवे व्हायचे. खानदेशातून आलेल्यांचीच आमची सगळी गल्ली. एकेक खोली, पुढे पत्र्याची पडवी. खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पुढे कळलं, की विसांतल्या दोघांचे वडील बसमध्ये कंडक्टर होते आणि त्यांनी तसं छाती काढून सांगितलं होतं. त्यांनाही प्रवेश मिळालाच. मला कुणी खोटं बोलायला लावलं नव्हतं. माझ्या भित्र्या जिभेने ते आपल्या आपण केलं, आणि मग अडीच वर्षं मी त्या एका शब्दाची राखण करत बसलो.

मी दूरच्या काकांकडे, सुरतेतल्या चौक भागात राहतो, अशी दुसरी थाप पहिलीच्या पाठीवर आली. कॉलेज सुटलं की सायकल चौकाच्या दिशेने काढायची, बरोबरची मुलं फुटली की वळसा घालून कतारगाम गाठायचं. समाजशास्त्राचे सर तर वर्गात माझा दाखला द्यायचे. म्हणायचे, “हा बघा, खेड्यातल्या शिक्षकाचा मुलगा, घरी पुस्तकं होती म्हणून इथवर आला.” आमच्या घरी एक पंचांग होतं, आणि ते आप्पांना वाचता येत नव्हतं.

तिसऱ्या वर्षाला संयुक्त पाहणी होती. चारही विषयांची मिळून एक, शहरातल्या घरोघर जाऊन करायची. तिच्यात नापास झालं की पदवी नाही. त्यातच विद्यापीठाची समिती आमचा अभ्यासक्रम तपासायला येणार होती. हे उंधियुं शहराच्या काही उपयोगाचं आहे का, नसेल तर बंद करा, असा सूर होता. त्यामुळे चारही शिक्षक त्या वर्षी पहिल्यांदा घाबरून एकत्र आले आणि त्यांनी मिळून एक माहितीपत्रक तयार केलं. आठ पानी. अर्थशास्त्राच्या सरांना घरात धान्य किती लागतं ते हवं होतं. समाजशास्त्राच्या सरांना कुणाकडे जेवायला जाता आणि कुणाकडे जात नाही ते हवं होतं. मानसशास्त्राच्या मॅडमना गेल्या आठवड्यात घरात कोण किती वेळा हसलं ते हवं होतं. संख्याशास्त्राच्या सरांना फक्त आकडे हवे होते, ते कशाचे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आमची नावंसुद्धा त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. मी त्यांच्यासाठी ‘अकरा नंबर’ होतो.

घरं निवडायची ती चिठ्ठ्या टाकून. सरांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, त्यात घरांचे क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या घातल्या आणि एकेका मुलाला बोलावून उचलायला लावल्या. कतारगामच्या चिठ्ठ्या निघू लागल्या. आमची गल्ली आली. मग आमच्या घराचा क्रमांक आला. फळ्यावर तो खडूने लिहिलेला मी बघत राहिलो. सर म्हणाले, “ही गल्ली मराठी लोकांची आहे. वर्गात मराठी दोघंच. अकरा आणि सात, तुम्ही जा.”

सात नंबर म्हणजे बँकेतल्या अधिकाऱ्याची मुलगी. वडिलांच्या बदलीमुळे पुण्याहून सुरतेला आलेली. हुशार, सरळ, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिच्याबरोबर जायचं म्हणजे माझी शंभरी भरलीच होती.

त्या दुपारी मी सरांच्या खोलीत गेलो. म्हटलं, “सर, ते एक घर बदलून मिळेल का?” त्यांनी विचारलं, कारण काय. नियम असा होता, की विद्यार्थ्याचं स्वतःचं घर चिठ्ठीत निघालं तर ते बदलून मिळे. तेवढं एक वाक्य बोललो असतो, तर त्याच क्षणी सुटलो असतो. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे धुळ्याकडचा तो शिक्षक मारायचा. मी म्हणालो, “लांब पडतं.” सर हसले. “भाई, चिठ्ठी नीकळी एटले नीकळी. मनाला येईल तसं घर बदललं तर मग शास्त्र कशाला?”

पुढचे चार दिवस मी पळवाटा शोधत होतो. आजारी पडायचं ठरवलं, पण मग सात नंबर दुसऱ्या कुणाला घेऊन आमच्या घरी गेलीच असती, आणि माय कौतुकाने सांगत बसली असती, की आमचा मोठा तुमच्याच कॉलेजात आहे. म्हणजे मी तिथे असणंच भाग होतं. शेवटी आदल्या संध्याकाळी माय भाकरी थापत होती तेव्हा तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, “माय, उद्या कॉलेजची पाहणी आपल्या गल्लीत येणार आहे. आपल्या घरीपण. मीच येणार आहे, एका मुलीबरोबर. पण तू मला ओळख दाखवू नको.”

तिने हात थांबवला. “कसाले?”

“आपलंच घर आपण तपासायचं नसतं. नियम आहे. कळलं तर माझी परीक्षा जाईल.”

अर्धं खरं होतं ते. माझ्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, “बरं.” मग तव्यावरची भाकरी उलटली. तिला किती कळलं आणि किती नाही, हे मला त्या वेळी कळून घ्यायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही गल्लीत शिरलो. बायका पडवीत बसलेल्या होत्या, लहान भावंडं शाळेत होती, दिवसपाळीचे पुरुष खात्यात आणि रातपाळीचे झोपलेले. ज्या मावशीच्या पोराबरोबर मी नाल्यात खेकडे धरले होते, तिच्या पडवीवरून आम्ही गेलो आणि ती मला म्हणाली, “या साहेब.” पलीकडच्या म्हातारीने, जिने मला नागडा पाहिलेला, डोक्यावरचा पदर पुढे ओढला. रात्रीतून मायने घरोघर जाऊन सांगितलं होतं. सगळी गल्ली माझ्या परीक्षेला बसली होती आणि एकीचंही काही चुकलं नाही. सात नंबर कानाशी येऊन म्हणाली, “किती अदबीने वागतात रे हे लोक!” मला तिथेच पडवीच्या खांबावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

तीन घरं झाली. चौथं आमचं. दारात माय उभी होती. सणाचं लुगडं नेसली होती. “बसा ना,” म्हणाली, आणि आम्हाला सतरंजी टाकली. आमच्याकडे एकच सतरंजी होती आणि त्या वेळी ती एरवी आप्पांच्या अंगाखाली असे. आप्पा उघड्या दोऱ्यांच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. तिने आधी सात नंबरला पाणी दिलं. मग मला दिलं. “पानी ल्या, साहेब.” स्टीलचा पेला एकच होता, पाहुण्यांसाठीचा. माझ्या हातात तिने तो दिला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

सात नंबर विचारत होती, मी लिहीत होतो. मायचं एखादं वाक्य तिला कळलं नाही तर मी तिला मराठीत सांगत होतो. माझ्याच आईच्या बोलण्याचा दुभाषी. पत्रकात नावं लिहायची नव्हती, फक्त घराचा क्रमांक. धान्य किती, पाणी कुठलं, नळ किती वाजता येतो. मालकांचं काम काय? “लूमवर. रातपाळी करतस. झोपेल शेतस,” असं म्हणून तिने आवाज आणखी खाली आणला. मग सात नंबरने पान उलटलं आणि विचारलं, “मुलं किती तुम्हाला?”

ओळख दाखवू नको, एवढंच मी तिला सांगितलं होतं. याच्याबद्दल काही बोललो नव्हतो. मला सुचलंच नव्हतं.

“तीन,” माय म्हणाली. “दोन पोरी, एक पोऱ्या.”

माझा हात चौकटीवर होता. आम्ही चार भावंडं. मी थोरला.

“तीन?” सात नंबरने पुन्हा विचारलं, कारण मी लिहीत नव्हतो.

“तीनच शेतस,” माय म्हणाली, आणि मी तीन लिहिलं. पुढे मॅडमचा प्रश्न होता, गेल्या आठवड्यात घरात कोण किती वेळा हसलं. तो ऐकून माय खरंच हसली, पदर तोंडाला लावून. मी त्या चौकटीत ‘एक’ लिहिलं की काय लिहिलं, मला आठवत नाही.

संध्याकाळी चौकाचा वळसा घालून घरी आलो तेव्हा सतरंजी घडी घालून ठेवलेली होती. मला वाटत होतं, आता ती फाडकन काहीतरी बोलेल, आप्पांना सांगेल, आप्पा मोठ्या आवाजात गल्लीला ऐकू जाईल असं बोलतील. मला तेच हवं होतं. माराचीही तयारी होती. तिने ताट वाढलं आणि माझ्यासमोर बसून, तोंडी परीक्षा देऊन आलेल्या मुलीसारखं विचारलं, “बरोबर सांगं ना मी?”

मी म्हणालो, “हो.”

इथे सगळं संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण संख्याशास्त्राच्या सरांचा मुलांवर विश्वास नव्हता. दहा घरांमागे एका घरी ते स्वतः जाऊन पडताळा घ्यायचे. रेशनकार्ड मागायचे, त्यावरची माणसं मोजायची आणि परत यायचं, बोलणं नाही. त्यांच्या चिठ्ठीत पुन्हा आमचं घर निघालं. घरी मी नव्हतो. मायने कार्ड काढून दिलं, कारण कार्ड मागणाऱ्याला कार्ड द्यायचं एवढंच तिला माहीत होतं. कार्डावर मुलं चार. माझं नाव त्यावर घरचं होतं, शाळेत मास्तरांनी घातलेलं दुसरं. आडनाव आमच्या गल्लीत दर दुसऱ्या दाराला तेच. आणि सर नावं वाचणारे नव्हतेच. त्यांनी चार मोजली आणि वहीत लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात आमच्या वर्गात चारही शिक्षक एकत्र आले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. समितीला दाखवण्यासाठी एखादा प्रश्न चारही बाजूंनी उलगडून दाखवायचा, अशी त्यांची कल्पना होती. त्यासाठी सरांनी फळ्यावर आमच्या घराचा क्रमांक लिहिला. त्याखाली लिहिलं, ‘बाईच्या सांगण्याप्रमाणे ३, कार्डाप्रमाणे ४.’ मग खडू ठेवून म्हणाले, “हा चौथा मुलगा कोण?”

अर्थशास्त्राचे सर पहिले उठले. म्हणाले, सोपं आहे. टंचाईचे दिवस आहेत, माणशी साखर मिळते, माणशी गहू मिळतो. कार्डावर एक खोटं नाव चढवलं की एका माणसाचं धान्य जास्त येतं. हा मुलगा नाहीच. समाजशास्त्राच्या सरांनी मान हलवली. म्हणाले, तसं नाही. खेड्यातून आलेल्या कुटुंबात दिराचा मुलगाही आपलाच धरतात. कार्ड काढताना तो इथे असेल, आता गावी परत गेला असेल. मग मानसशास्त्राच्या मॅडम बोलल्या. त्या फार हळू बोलायच्या. त्या म्हणाल्या, “मला वाटतं, हिचा एक मुलगा गेला असावा. कार्डावरून नाव काढायला तिचं मन होत नसेल, आणि अनोळखी माणसांसमोर मोजताना त्याला धरवत नसेल. अशी बाई मोजताना क्षणभर थांबते. ती थांबली होती का?”

मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. सगळ्या वर्गाची नजर आमच्याकडे वळली. सात नंबर म्हणाली, “नाही मॅडम. ती थांबली नाही. थांबला होता तो लिहिणारा.”

संख्याशास्त्राचे सर वैतागले. कारण काही असो, दोन आकडे जुळत नाहीत आणि त्यातला एकच खरा असणार, एवढं त्यांचं म्हणणं. कार्ड खरं असेल तर आमच्या जोडीने नीट विचारलंच नाही, मग आमचं माहितीपत्रक बाद, आणि पाहणीचे गुण दोघांचेही गेले. कार्ड खोटं असेल तर ते पुरवठा कचेरीला कळवायला हवं. अशी सात-आठ घरं निघाली होती. त्यांची यादी सोमवारी कचेरीत जाणार होती, म्हणजे समितीला सांगता येईल की आमची पाहणी शहराच्या उपयोगी पडली. सरांनी माझ्याकडे बोट केलं. “अकरा नंबर, भाषा तुम्हाला येते. सांगा. बाई काय म्हणाली?”

उभा राहिलो. खरं बोलायला यापेक्षा चांगली वेळ मला जन्मात मिळाली नसती. चार शास्त्रं एकत्र येऊन मला शोधत होती आणि मी त्यांच्यापासून दहा हातांवर उभा होतो.

“तीन,” मी म्हणालो. “तीनच म्हणाली.”

सरांनी यादीत खूण केली.

वर्ग सुटल्यावर सात नंबर सायकलच्या स्टँडपर्यंत माझ्याबरोबर आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाली, “ती बाई तासभर आपल्याशी बोलली. माझ्याकडे बघून बोलली. तुझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. अनोळखी माणसाकडे बाई एकदा तरी बघतेच रे.” मी कुलूप काढत राहिलो. ती म्हणाली, “मी कुणाला सांगणार नाही. माझे गुण जायचे तर जाऊ देत. पण सोमवारच्या आत तू सांग.” तिच्याशी मी पुढे कधी धड बोललो नाही. माझी अडचण तिला कळली, याचा मला राग आला होता. माणूस किती हलका असू शकतो ते मी स्वतःवरूनच शिकलो.

शनिवारी गेलो मात्र. सरांच्या दाराशी दोनदा जाऊन मागे फिरलो, तिसऱ्यांदा आत शिरलो. म्हटलं, “सर, ते कतारगामचं घर...” ते म्हणाले, “क्रमांक?” मी क्रमांक सांगितला. “हां. तेनुं शुं?” मी म्हणालो, “त्या बाईला प्रश्न नीट कळला नसेल, सर.” सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्हीच तर समजावून सांगत होता ना?” मी हो म्हणालो आणि बाहेर आलो. सोमवारी यादी गेली.

त्यानंतर घरी काय झालं, ते मला तेव्हा कुणीच सांगितलं नाही. मी सकाळी निघायचो, संध्याकाळी यायचो. परीक्षा तोंडावर होती. दोन-तीन आठवड्यांनी धाकटीला रेशनच्या दुकानात पाठवायचं होतं, ती शाळेतून आली नव्हती, म्हणून पिशवी घेऊन मी निघालो. फळीवरचं कार्ड काढलं आणि सहज उघडलं. माझ्या नावावर लाल शाईची आडवी रेघ होती. बाजूला शिक्का आणि सही.

मायला विचारायचा धीर झाला नाही. शेजारच्या मावशीकडे गेलो. ती आधी बोलायला तयार नव्हती, मग बोलली. कचेरीतून माणूस आला होता. त्याने विचारलं, हा चौथा कुठे आहे, दाखवा. माय म्हणाली, बाहेर गेला आहे. तो म्हणाला, असं सगळेच सांगतात. मुलगा असेल तर आठवड्याच्या आत तो शिकतो तिथला कागद आणा, नाहीतर कार्ड जप्त होईल. मावशीने तिला सांगितलं, की पोराला म्हण, कॉलेजातून एक चिठ्ठी आणायला काय लागतं? मायने मला विचारलं नाही. आप्पांनाही विचारू दिलं नाही. सातव्या दिवशी ती एकटी कचेरीत चालत गेली, दुपारभर रांगेत उभी राहिली आणि खिडकीतल्या साहेबाला म्हणाली, “हाई नाव काढी टाका.” साहेबाने विचारलं, म्हणजे मुलगा नाही ना? मावशी तिच्याबरोबर होती. ती म्हणाली, तुझी माय ‘नही’ म्हणाली आणि अंगठा उठवून आली.

मी घरी आलो. माय चुलीपुढे होती. कार्ड तिच्यासमोर धरलं आणि ओरडलो. हो, मीच ओरडलो. “मला का नाही सांगितलं? एक कागद आणला असता मी!”

खाटेवर आप्पा जागे झाले असावेत, पण हलले नाहीत. मायने माझ्या हातातून कार्ड घेतलं, पदराने पुसलं आणि फळीवर ठेवलं. तिला माझा राग कळलाच नाही. ती मला समजावून सांगू लागली, अगदी हळू, परीक्षेच्या आधी पोराचं डोकं फिरू नये म्हणून.

“कागद तुन्हा कॉलेजना आनना पडता,” ती म्हणाली. “तठे कोनी इचारं असतं तं? मी एकदाव तीन सांगं ते सांगं.”

निकाल लागला तेव्हा संयुक्त पाहणीत मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते.